एकट्याची वाट, साऱ्यांचे रान

(वन्यजीव सप्ताहानिमित्त शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावांतून हिवाळ्याच्या दिवसांत एक प्रसंग वारंवार घडतो. एस.टी. येऊन थांबते. पाठीवर पिशवी आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला एखादा माणूस खाली उतरतो आणि पारावर बसलेल्या मंडळींना घाटाची वाट विचारतो. वाट सांगण्यापूर्वी मंडळींतील एखादा वडीलधारा त्याला उलट प्रश्न करतो, “एकटेच का?”

प्रश्न साधा आहे. त्यात थोडे कुतूहल असते, थोडी काळजी असते आणि क्वचित थोडी शंकाही असते. आजच्या विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे. डोंगर एकट्याने का चढावा, एकट्या माणसाला रानातील प्राणिजीवन अधिक का दिसते आणि अशा एकट्या वाटसरूशी गावाचा व ग्रामपंचायतीचा संबंध काय, या तीन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणासाठी भीमाशंकरच्या रानाची निवड केली आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे स्थान महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. परंतु देवळाभोवतीच्या रानाची ओळख त्या मानाने फारच थोड्यांना आहे.

रानाचा परिचय

भीमाशंकर अभयारण्याची स्थापना १९८५ साली झाली. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. येथे पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. माथ्यावर निमसदाहरित अरण्य आहे. उतारावर व कोकणाच्या बाजूला पानगळीची झाडे आहेत. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी, गेळा ही येथील नित्याची झाडे. झाडांखाली कारवीचे दाट रान माजलेले असते. सात-आठ वर्षांतून एकदाच ही कारवी सामुदायिकपणे फुलते आणि बी धरून वाळून जाते. दक्षिणेकडे शेकडो मैल वाहत जाऊन कृष्णेला मिळणारी भीमा नदी याच डोंगरात उगम पावते.

कोकणातून भीमाशंकरला जाणारी जुनी पायवाट कर्जत तालुक्यातील खांडस गावावरून निघते. पुढे तिचे दोन घाट होतात. शिडीघाट जवळचा, परंतु उभा आणि अवघड. त्यात लोखंडी शिड्यांचा आधार घ्यावा लागतो. गणेशघाट लांबचा, परंतु सौम्य. तो पदरगडाला वळसा घालून चढतो. पदरवाडीच्या पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात आणि तेथून शेवटची चढण दाट झाडीतून माथ्याकडे जाते. एकूण चढ आठ-नऊशे मीटरांचा आहे. गणेशघाटाने निघालेल्या माणसाला त्यासाठी पाच-सहा तास लागतात. एकट्या वाटसरूने शिडीघाटाचा मोह टाळून गणेशघाटच पत्करावा, हे जाणत्यांचे मत आहे. सोबत कोणी नसता पाय घसरला, तर वाचलेल्या दोन तासांची किंमत फार मोठी पडते.

पावलांचा आवाज

समूहाने डोंगर चढण्यात आनंद आहे, यात शंका नाही. तथापि वीस माणसांचा समूह रानातून जातो तेव्हा त्याच्या पुढे अर्धा फर्लांग रान रिकामे होत जाते. हसणे, हाका मारणे, गाणी म्हणणे हे सारे रानातील प्राण्यांच्या कानी आधीच पोहोचलेले असते. भेकर झुडुपात शिरते, रानकोंबडा पाचोळ्यातून पळ काढतो, आणि माणसे माथ्यावर पोहोचून म्हणतात, “येथे तर काहीच नाही!”

एकट्या माणसाशी बोलावयास कोणी नसते. त्याची चाल आपोआप मंद होते आणि पावलांचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येऊ लागतो. तो जेथे थांबतो तेथे पंधरा-वीस मिनिटे निश्चल बसला, तर रानाला त्याचा विसर पडतो. प्रथम लहान पक्षी परततात. नंतर पाचोळ्यात हालचाल सुरू होते. वन्यप्राणी पाहण्याचे खरे तंत्र चालण्यात नसून थांबण्यात आहे. भडक रंगाचे कपडे, अत्तर आणि घाई एवढ्या तीन गोष्टी घरी ठेवून निघालेल्याला महागड्या साधनांची फारशी गरज भासत नाही. एक साधी दुर्बीण, एक वही आणि एक पेन्सिल त्याला पुरते.

अशा माणसाने उजाडता उजाडता खांडस सोडले, तर पहिल्या दोन-तीन तासांतच त्याला पुष्कळ काही मिळते. पायथ्याच्या पानगळीच्या रानात तांबटाची टुक्‌टुक् आणि कुर्तुकाची अखंड हाक चालू असते. उन्हे वर आली की सर्पगरुड आकाशात घिरट्या घालू लागतो आणि त्याची लांब शीळ दरीभर ऐकू येते. उंबर किंवा वड पिकला असेल तर हरियालांचा थवा त्यावर उतरलेला असतो. हिरव्यापिवळ्या रंगाचे हे पक्षी पानांत इतके मिसळून जातात की एकाने पंख हलविल्यावाचून दुसरे दिसत नाहीत. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी होय. कितीतरी शाळांतील मुलांना हे वाक्य पाठ असते. पक्षी मात्र त्यांनी पाहिलेला नसतो.

प्रत्येक प्राणी डोळ्यांना दिसेलच असे नाही. बिबट्या, सांबर, रानडुक्कर, साळिंदर, पिसोरी हे बहुधा रात्री किंवा संधिप्रकाशात वावरणारे. तथापि ते आपल्या खुणा मागे ठेवतात. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत चार बोटांचा, नखे न उमटलेला गोल ठसा दिसला, तर तो बिबट्याचा असू शकतो. नखे उमटली असतील तर ते तरस किंवा कुत्रे असावे. वानरांनी एकाएकी फळे खाणे थांबवून खाकरल्यासारखा इशारा द्यावा, दरीतून भेकराचे भुंकणे ऐकू यावे आणि मग सारे शांत व्हावे, यावरून जवळपास बिबट्या फिरत असल्याचे जाणते लोक ओळखतात. वाटेवरची विष्ठा, खोडावरचे ओरखडे, झाडाखाली पडलेली उष्टी फळे हे रानाचे दैनिक वर्तमानपत्रच असते. ते वाचावयास शिकलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

हे वाचन पुस्तकातून थोडेच येते. ज्येष्ठ वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचे २०२५ च्या जून महिन्यात निधन झाले. ‘पक्षिकोश’ सिद्ध करणाऱ्या या अभ्यासकाने पक्ष्यांची, झाडांची आणि रानातील व्यवहारांची कितीतरी नावे वनवासी माणसांकडून ऐकून मराठीत आणली. विद्वानाने गुराख्याला गुरू करावे, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे. भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी समाजाकडे असे ज्ञान आजही आहे. कोणते फळ कोणत्या महिन्यात पिकते आणि त्यावर कोण येते, हे तेथील पोरासोरांनाही ठाऊक असते.

शेकरूचे घर

पदरवाडीच्या पठारावर दुपारची विश्रांती घेऊन वाटसरू तीनच्या सुमारास वरच्या झाडीत शिरला, तर त्याची वेळ अचूक साधली असे म्हणावे. ज्याच्यासाठी हे रान प्रसिद्ध आहे तो शेकरू भर दुपारी फांदीवर अंग पसरून झोपतो आणि सकाळी व तिसऱ्या प्रहरी फिरतो.

शेकरू ही मोठी खार होय. पाठ गडद तांबूस, पोट फिकट पिवळसर, शरीराहून लांब अशी झुपकेदार शेपटी आणि तिचे टोक पांढुरके, असे त्याचे देखणे रूप आहे. भीमाशंकर परिसरात आढळणाऱ्या प्रकाराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली केली. महाराष्ट्राने त्याला राज्यप्राण्याचा मान दिलेला आहे. संकटाची चाहूल लागली म्हणजे तो जोराने खडखडाटासारखा आवाज काढतो आणि पाहता पाहता शेंड्याआड नाहीसा होतो. वाटसरूने मान वर करून पाहिले, तर उंच फांद्यांच्या बेचक्यांतून काटक्या व पाने यांची गोलाकार घरटी त्याला दिसतील. एकच शेकरू अशी एकाहून अधिक घरटी बांधतो.

या प्राण्याच्या जीवनक्रमात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शेकरू बहुधा एकटाच राहतो. परंतु त्याचे घर एका झाडावर मावत नाही. तो जमिनीवर क्वचित उतरतो; या झाडावरून त्या झाडावर असाच त्याचा सारा प्रवास चालतो. वीस फुटांपर्यंतची झेप तो सहज घेतो. त्यापेक्षा मोठी फट झाडांच्या माथ्यांत पडली की त्याची वाट तुटते. मग फळांनी लगडलेले झाड पलीकडे उभे असूनही त्याला उपाशी राहावे लागते, अथवा जमिनीवर उतरून कुत्र्याच्या वा बिबट्याच्या तोंडी जाण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणून रस्ता रुंद करताना, वाहनतळासाठी जागा मोकळी करताना किंवा सरपणासाठी फांद्या तोडताना केवळ झाडे किती गेली हे मोजून भागत नाही. झाडांचे हात एकमेकांना लागतात की नाही, हेही पाहावे लागते. शंभर झाडे राहिली आणि ती सुटीसुटी राहिली, तर शेकरूच्या दृष्टीने तेथे रान उरलेच नाही.

डोंगरात एकट्याने चालणाऱ्या माणसाचेही असेच आहे. तो एकटा दिसतो. पण त्याची वाट अनेकांच्या हातांनी जोडलेली असते. पायवाट मोकळी ठेवणारे गुराखी, पाणी दाखविणारी वाडीवरील बाई, नाक्यावर नोंद घेणारा वनरक्षक, रात्री ओसरी देणारे कुटुंब, यांतील एक जरी फांदी निसटली तरी त्याची झेप चुकते.

धोके आणि शिस्त

या संदर्भात धोक्यांचा स्पष्ट उल्लेख करणे अवश्य आहे. पुष्कळांना बिबट्याचे भय वाटते. वस्तुतः माणसाची चाहूल लागताच बिबट्या बहुधा दूर होतो. तो समोर आलाच तर पळू नये, वाकू नये. उभे राहून मोठ्याने बोलावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. सह्याद्रीच्या कड्यांवर अधिक सांभाळावयाचे ते आग्या मोहोळ. धूर, अत्तराचा वास आणि आरडाओरड यांनी माश्या खवळतात आणि त्यांच्यापासून पळून जावयास कड्यावर जागा नसते. कातळाच्या फटीत न पाहता हात घालू नये. तेथे फुरसे असू शकते. पावसाळ्यात हिरवा चापडा फांदीवर पानासारखा स्थिर बसलेला असतो. सर्पदंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, मांत्रिकाकडे नेणे हे सारे टाळून रोग्याला हालचाल करू न देता शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेणे, हाच एक मार्ग आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र पावसाचा आणि वाट चुकण्याचा आहे. याच डोंगररांगेच्या कुशीतील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. मुसळधार पावसात हा डोंगर काय करू शकतो, याची ती कायमची आठवण आहे. अतिवृष्टीच्या काळात प्रशासन घाटवाटांवर बंदी घालते, ती पर्यटकांच्या आनंदावर विरजण घालण्यासाठी नव्हे. धुके, निसरडा कातळ आणि फुगलेले ओढे यांत एकट्या माणसाने शिरणे हे धाडस नसून अविचार आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्याला उत्तम होय.

११२ हा संकटकालीन क्रमांक आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु खोल दरीत दूरध्वनीची लहर पोहोचतेच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी कोणती वाट धरणार, कोठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार, या तीन गोष्टी घरी आणि पायथ्याच्या गावी सांगून निघणे हाच एकट्या वाटसरूचा खरा विमा आहे. ठरलेल्या वेळी तो पोहोचला नाही तर शोध कोठून सुरू करावा, हे त्यामुळे लोकांना कळते. अन्यथा संबंध डोंगर पालथा घालावा लागतो आणि त्यात बहुमोल तास जातात.

अभयारण्य हे सहलीचे मैदान नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथील प्रवेशावर नियमन आहे. आग लावणे, शिकार करणे, प्राण्यांना त्रास देणे हे गुन्हे आहेत. वानरांना खाऊ घालणे पुष्कळांना पुण्यकर्म वाटते. परंतु त्यामुळे ती फळे शोधणे सोडून रस्त्यावर येतात आणि वाहनांखाली सापडतात. कुजलेल्या लाकडावरील बुरशीमुळे पावसाळी रात्री या रानात मंद हिरवट प्रकाश दिसतो आणि पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात. तो चमत्कार पाहावयास येणाऱ्यांनी विजेऱ्यांचे झोत आणि मोटारींचे दिवे सोबत आणले, तर पाहण्याजोगे काही शिल्लक राहणार नाही.

गावाने काय करावे

हे रान केवळ सरकारने राखले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अभयारण्याची अधिसूचना निघण्यापूर्वी कितीतरी पिढ्या गावकऱ्यांनी देवराया राखल्या. आहुपे येथील देवराई हे याच परिसरातील ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात केला, तेव्हा लोकश्रद्धेच्या आश्रयाने केवढे वनस्पतिवैभव टिकून राहिले आहे, हे अभ्यासकांना प्रथमच नीट उमगले. देवाच्या रानातील काटकीही घरी न्यावयाची नाही, हा नियम कोणत्याही पहारेकऱ्यावाचून पाळला गेला.

त्याच गावांच्या हाती आज कायद्यानेही काही साधने दिली आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन व्हावयाची असून गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनांवरील हक्कांबरोबरच वन्यजीव आणि जंगल यांच्या रक्षणाचा अधिकारही दिला. हिरड्यासारख्या वनोपजावर ज्या कुटुंबांचा संसार चालतो, त्यांच्या हिताशी रानाचे हित बांधलेले आहे. हिरड्याचे झाड उभे राहिले तर घरात पैसा येतो, आणि त्याच झाडाच्या फांदीवरून शेकरूची वाटही जाते.

ग्रामपंचायतींनी यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पायथ्याच्या गावी आणि माथ्यावर एकेक नोंदवही ठेवता येईल; तीत वाटसरूचे नाव, वाट आणि परतण्याची वेळ लिहिली जावी आणि संध्याकाळी ती कोणीतरी पाहावी. वही नुसती असून उपयोग नाही. ती पाहणारा माणूस नेमलेला हवा. फसव्या फाट्यांवर दगडावर रंगाने बाण काढता येतील. गावातील माहितगार तरुणांना वाटाड्याचे काम ठरावीक मोबदल्यावर देता येईल. उन्हाळ्यापूर्वी वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढण्याच्या कामी वनखात्याला साथ देता येईल. प्लास्टिकचा कचरा ज्याने आणला त्यानेच खाली न्यावा, असा दंडक घालता येईल.

शिक्षकांचा वाटा याहून मोलाचा आहे. लोकजैवविविधता नोंदवही पुष्कळ ठिकाणी कपाटात पडून राहते. ती जिवंत ठेवण्याचे काम शाळेतील मुले करू शकतील. या वर्षी जांभूळ केव्हा फुलला, पावशा पहिल्यांदा केव्हा ओरडला, शेकरूची घरटी कोणत्या झाडांवर आहेत, याची नोंद मुलांनी महिन्याला एकदा करावी. तिला खर्च लागत नाही. दहा वर्षांनी तीच वही गावाचा अमूल्य दस्तऐवज ठरेल. रस्ता कोठून न्यावा आणि कोणते झाड राखावे, असा प्रश्न ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा उत्तर त्या वहीत सापडेल.

सारांश, डोंगरातील एकटेपणा हा माणसांकडे पाठ फिरविण्याचा प्रकार नव्हे. रानाचे बोलणे ऐकू यावे म्हणून काही काळ आपले बोलणे थांबविण्याची ती रीत आहे. ती ज्याला साधली तो अधिक नम्र होऊन परततो आणि रानाचा एक पक्षकार वाढतो. म्हणून पारावरील वडीलधाऱ्याने “एकटेच का?” असे विचारावे, ते योग्यच आहे. मात्र तेवढ्यावर न थांबता त्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत, “कोणत्या वाटेने जाणार? आणि केव्हापर्यंत उतरणार?” उत्तर वहीत लिहून घ्यावे, वाट दाखवावी आणि दिवेलागणीच्या वेळी एकदा डोंगराकडे पाहावे. एवढे ज्या गावाने केले, त्या गावच्या डोंगरात गेलेला माणूस एकटा असूनही निराधार असणार नाही.